शरदातील रानफेरी आणि प्राणिनामांची घडण : सडक अर्जुनी परिसराच्या अनुषंगाने

प्राण्यांची नावे कोशात वाचणे आणि तीच नावे त्या त्या प्राण्याच्या समोर उभे राहून ऐकणे, या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे. कोशात नावापुढे 'एक पक्षी' किंवा 'हरिणाची एक जात' एवढाच अर्थ पुष्कळदा दिलेला असतो. अमुक प्राण्याला अमुक नाव का पडले, ते कोणी दिले आणि वर्षातील कोणत्या काळात ते त्याला खरोखर शोभते, हे प्रश्न कोश वाचणाऱ्याच्या मनात सहसा उभेच राहत नाहीत. ते उभे राहावयाचे तर शब्दाच्या अभ्यासकाला रानात हिंडले पाहिजे, आणि त्यासाठी शरदासारखा दुसरा ऋतू नाही. पावसाने धुतलेली हवा स्वच्छ असते, तळी भरलेली असतात, उन्हाळ्याप्रमाणे पर्णहीन नसले तरी रान पावसाळ्यातल्यासारखे दुर्गमही राहिलेले नसते. सकाळच्या कोवळ्या उन्हात पक्ष्यांचे रंग जसे उमटतात तसे ते इतर ऋतूंत क्वचितच उमटतात. दहा वाजल्यानंतर आश्विनाचे ऊन चटके देऊ लागते आणि पशुपक्षी सावलीला जातात. पाहणाऱ्यानेही तोपर्यंत आपले काम उरकलेले बरे.

गोंदिया जिल्ह्यातील सडक अर्जुनीचा परिसर या दृष्टीने विशेष उपयुक्त आहे. हा जिल्हा १९९९ साली भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. गावाचे नावच भाषाभ्यासकाला थांबवून धरते. 'अर्जुनी' हे नाव पाण्याच्या काठी वाढणाऱ्या अर्जुनवृक्षावरून आलेले दिसते. परंतु या भागात अर्जुन्या दोन; म्हणून एकीला मुंबईहून कलकत्त्याकडे जाणाऱ्या हमरस्त्याची 'सडक' जोडली गेली आणि दुसरीला शेजारच्या 'मोरगावा'ची ओळख मिळाली. वृक्ष, मोर आणि सडक असे तीन निरनिराळ्या काळांचे आणि निरनिराळ्या गरजांचे थर या दोन नावांत एकत्र आले आहेत. सडकेच्या उत्तरेस नागझिऱ्याचे रान आणि दक्षिणेस नवेगावचे. नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले, नवेगाव १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ साली ही रानें आसपासच्या अभयारण्यांसह एका व्याघ्र प्रकल्पात आणली गेली. दोहोंमध्ये येजा करणाऱ्या श्वापदांना ही सडक ओलांडावी लागते. गावाला नाव देणारी वस्तूच वन्य प्राण्यांच्या वाटेत आडवी पडावी, हा योग चमत्कारिक खरा.

राखीव रानात पायी हिंडण्यास मनाई असते. तेथे वाहनातूनच जावे लागते. पण शब्द वेचणाऱ्याला त्याने फारसे अडत नाही. या मुलखात तळ्यांची वाण नाही. कोहळी समाजाने बांधलेले शेकडो तलाव गावोगाव आहेत, आणि त्यांची पाळ ही पायी हिंडणाऱ्यासाठी उत्तम वाट होय. यांतील सर्वांत ख्यातनाम नवेगावबांध. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी याने तो बांधल्याचे सांगतात. सात टेकड्यांच्या वेढ्यात पसरलेल्या या जलाशयाचे क्षेत्र सुमारे ११ चौरस किलोमीटर आहे. एका बाजूस पाणी, दुसऱ्या बाजूस पिवळे पडू लागलेले धान आणि पलीकडे सागाबांबूचे रान, अशा तिहेरी शिवेवर चालताना एका प्रहरात जेवढी प्राणिनामे कानी पडतात तेवढी घनदाट अरण्यातही पडत नाहीत.

शरदाची चाहूल देणारा पक्षी म्हणजे खंजन. हिमालयाकडून व त्याही पलीकडून तो आश्विनाच्या सुमारास उतरतो आणि पाण्याच्या कडेने शेपटी वरखाली हालवीत तुरुतुरु धावतो. संस्कृत कवींनी शरदवर्णनात त्याला मानाचे स्थान दिले आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत तर खंजनदर्शनाच्या शुभाशुभ फलांवर एक स्वतंत्र अध्यायच आहे. वर्षातून प्रथम तो कोठे, कशावर बसलेला दिसला यावर फल अवलंबून. वर्षाचे पहिले दर्शन एवढे महत्त्वाचे मानले गेले याचे कारण उघड आहे : पक्षी मधले काही महिने मुळी दिसतच नसे. मराठीत मात्र हा खंजन 'परीट' किंवा 'धोबी' झाला. पाण्याच्या काठी शेपटीची सतत होणारी आपट पाहून कोणाला तरी दगडावर कपडे आपटणारा परीट आठवला. संस्कृताने ज्याच्यात शकुन पाहिला त्याच्यात मराठीने बलुतेदार पाहिला.

आणि हा एकच बलुतेदार नव्हे. मराठीची पक्षिनामे एकत्र मांडली की सबंध गावगाडा उभा राहतो. झाडाचे खोड ठोकणारा तो सुतार, पाने शिवून घरटे करणारा तो शिंपी, पाण्यावर टपून मासा टिपणारा खंड्या हा धीवर. कोतवाल तर नावाप्रमाणे वागतो : आपल्या घरट्याच्या आसपास कावळा वा घार फिरकली की तो तिचा पाठलाग करून तिला हद्दीबाहेर काढतो, आणि त्याच्या या पहाऱ्याचा लाभ व्हावा म्हणून होल्यांसारखे गरीब पक्षी त्याच झाडावर संसार थाटतात. अशी नावे देणारा माणूस रानात राहणारा नव्हता, गावात राहून शिवारापर्यंत जाणारा होता, एवढे अनुमान यावरून निश्चित काढता येते. सुगरण या नावातही तेच गृहजीवन आहे. शरदात बाभळीच्या वा शिंदीच्या फांद्यांना लोंबणारे तिचे खोपे बहुधा रिकामे झालेले असतात, आणि गंमत अशी की ते विणणारा नर असतो. नाव स्त्रीलिंगी, कारागीर पुरुष! विणकाम हे घरातील बाईच्या कौशल्याचे काम समजून नाव दिले गेले. पक्ष्याचे लिंग कोणी तपासले नाही.

गावाच्या नजरेतून रानाकडे पाहण्याची दुसरी खूण म्हणजे 'रान' आणि 'पाण' ही उपपदे. रानकोंबडा, रानडुक्कर, रानमांजर, रानगवा. तसेच पाणकोंबडी, पाणकावळा, पाणमांजर, पाणमोर. परिचयाचा प्राणी आधी, मग त्याच्यासारखा दिसणारा अपरिचित. त्याला वसतिस्थानाचे उपपद लावले की काम भागले. नामकरणाची ही सर्वांत सोपी आणि सर्वांत आळशी रीत होय. तिने साम्य सांगितले जाते, स्वभाव सांगितला जात नाही. पाणकावळा हे नाव काळ्या रंगापलीकडे काय सांगते? शरदाच्या उन्हात पाळीवरच्या वठलेल्या झाडावर दोन्ही पंख पसरून तो तासन् तास बसलेला असतो, कारण बदकांची पिसे पाणी झिडकारतात तशी त्याची झिडकारीत नाहीत. ती भिजतात, म्हणूनच त्याला खोल बुडी मारता येते आणि म्हणूनच नंतर वाळत बसावे लागते. त्याची ही सर्वांत ठळक सवय त्याच्या नावात कोठेच नाही.

'पाणमोरा'ची गोष्ट अधिक बोधक आहे. कमळाच्या पानांवरून लांब बोटांनी चालणाऱ्या या पक्ष्याला विणीच्या काळात, म्हणजे पावसाळ्यात, लांब वक्र शेपटी फुटते. मोराशी त्याचे साम्य ते एवढेच. विणीनंतर ती शेपटी गळते, आणि शरदात पाहणाऱ्याला 'याला मोर कोणी म्हटले?' असा प्रश्न पडतो. परंतु त्याच दिवसांत रानातला मोरही पिसारा टाकून बसलेला असतो. गुराख्यांची पोरे मोरपिसे वेचून आणतात ती याच सुमारास. म्हणजे उपमान आणि उपमेय दोन्ही एकाच ऋतूत आपला अलंकार उतरवितात. नाव देणाऱ्याला हे ठाऊक होते की नाही हे सांगता येत नाही, पण नाव शेपटीपेक्षा अधिक खोल लागू पडले आहे. प्राणिनामाचा अर्थ ऋतुसापेक्ष असतो, ही गोष्ट केवळ कोश चाळून कधीही ध्यानी येणार नाही.

'रान' उपपदाने जी नावे झाली त्यांच्याशेजारी काही वेळा जुनी, मूळ धातूची नावे जिवंत असतात, आणि तेथे भाषेच्या इतिहासाचा मागोवा घेता येतो. रानकुत्रा आणि कोळसुंदा ही अशी जोडी. नागझिऱ्यात या प्राण्यांच्या टोळ्या प्रसिद्ध आहेत. ते भुंकत नाहीत, शीळ घालून एकमेकांना बोलावतात. तेव्हा त्यांना कुत्रा म्हणणे दिसण्यापुरतेच खरे. कोळसुंदा किंवा कोळसून हे नाव मात्र त्यांचे स्वतःचे आहे. कर्नल साइक्स या इंग्रज निसर्गाभ्यासकाने १८३१ साली दख्खनच्या रानकुत्र्याचे शास्त्रीय वर्णन केले तेव्हा मराठ्यांचे 'कोळसून' हे नाव त्याने नोंदविले, आणि पुढे इंग्रजी प्राणिग्रंथांत ते फिरत राहिले. आज मात्र पर्यटकांच्या वाहनांतून 'वाइल्ड डॉग' आणि फार तर 'रानकुत्रा' ऐकू येते. एका शब्दाने लंडनपर्यंत मजल मारावी आणि स्वतःच्या रानात त्याला विचारणारे कमी व्हावेत, ही स्थिती विचार करावयास लावणारी आहे.

ध्वनीवरून पडलेली नावे हा भाषाशास्त्राच्या दृष्टीने वेगळा वर्ग. शब्द आणि अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो, हे सोस्यूरचे तत्त्व १९१६ पासून विद्यार्थ्यांना पहिल्याच पाठात शिकविले जाते. तळ्याकाठी टिटवी उठली की ते तत्त्व क्षणभर डळमळते. संस्कृत टिट्टिभ, मराठी टिटवी : मधल्या दोन हजार वर्षांत ध्वनिपरिवर्तनाचे नियम लागू झाले तरी पक्ष्याचा आवाज शब्दात राहिलाच, कारण पक्षी रोज येऊन उच्चार दुरुस्त करून जातो. तित्तिर, काक, कोकिळ यांचेही तसेच. वानरांतील नराला 'हुप्प्या' म्हणतात तेही त्याच्या हुंकारावरून. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ ब्रेंट बर्लिन यांनी पेरू देशातील आग्वारुना आणि हुआंबिसा या जमातींच्या पक्षिनामांत अनुकरणात्मक शब्दांचे प्रमाण किती मोठे आहे हे १९८१ साली दाखवून दिले. कारण समजण्यासारखे आहे. दाट रानात पक्षी दिसत नाही, ऐकू येतो. जो समाज रानाच्या जितका आत, त्याची नावे तितकी कानाची. जो शिवारात, त्याची नावे डोळ्याची. मराठीत परीट-शिंप्यांची गर्दी का आहे याचे उत्तर अंशतः येथे सापडते. तथापि अनुकरण म्हणजे हुबेहूब नक्कल नव्हे. प्रत्येक भाषा आपल्याजवळ जे वर्ण आहेत त्यांतच पक्ष्याला बोलावयास लावते.

वर्णांचा विषय निघाला म्हणून येथील बोलीकडे वळले पाहिजे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या पट्ट्यातील झाडीबोलीत ण, ळ, श यांसारखे वर्ण नाहीत. ण-च्या जागी न, श-च्या जागी स आणि ळ-च्या जागी र येतो. डोळ्याचा 'डोरा' होतो, तलावाची पाळ ही 'पार' होते, कावळ्याचा 'कावरा' आणि बगळ्याचा 'बगरा' होतो. वऱ्हाडात याच ळ-चा य होऊन 'डोया' ऐकू येतो, हे विद्यार्थ्यांना परिचित आहेच. नियम सोपा आहे. पण तो ठाऊक नसलेला शब्दसंग्राहक 'बगरा' ही एखादी वेगळी जात समजून तिची स्वतंत्र नोंद करतो. उलट, बगळा या एका नावाखाली आकाराने, चोचीच्या रंगाने आणि सवयींनी भिन्न अशा तीन-चार जाती वावरतात, त्या पाहून ठेवल्या नाहीत तर नोंद एकच राहते. स्थानिक नामसूची करताना हे दोन्ही दोष एकाच वेळी संभवतात : एका पक्ष्याचे दोन होणे आणि चारांचा एक होणे. पहिला दोष ध्वनिविचाराने टळतो; दुसरा टाळण्यासाठी बोलणाऱ्याबरोबर चालावे लागते. तो धीवर आहे की कोहळी, गुराखी आहे की गोंड, हेही नोंदले पाहिजे. जाळे टाकणाऱ्याला पाणपक्ष्यांतले जे भेद दिसतात ते नांगर धरणाऱ्याला दिसतीलच असे नाही.

गोंडीचे साक्ष्य तर अपरिहार्य आहे, कारण या रानात मराठी ही नंतर आलेली भाषा. गोंडीत पक्ष्याला 'पिट्टे' म्हणतात, तेलुगूत 'पिट्ट'. याच द्राविडी शब्दावरून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपीय प्राणिशास्त्राने 'पिट्टा' हे एका प्रजातीचे नाव घेतले. आपल्याकडचा त्यातील पक्षी म्हणजे नवरंग. तो मध्य भारतातील रानांत पावसाळ्यात वीण करतो आणि शरदात दक्षिणेकडे निघून जातो. आश्विनात पाचोळ्यावर उड्या मारणारा एखादा नवरंग दिसला तर ज्या पक्ष्याचे जागतिक शास्त्रीय नाव शेजारच्या टोल्यावरील गोंडाच्या रोजच्या बोलण्यातील शब्दाचा सख्खा भाऊबंद आहे, असा पक्षी आपण पाहत आहो, हे लक्षात ठेवावे. मराठी 'नवरंग' हे नाव सुंदर आहे. पण ते रंग मोजून दिलेले, पाहुण्याच्या कौतुकाचे नाव आहे.

श्वापदांच्या नावांत भीतीचाही वाटा असतो. व्याघ्रापासून नियमाने आलेला 'वाघ' हा शब्द मराठीत पट्टेरी वाघाला लावतात तसा अनेक ठिकाणी बिबळ्यालाही लावतात. परंतु रानात तोही उच्चारण्याचे टाळून 'वाघोबा' किंवा नुसते 'जनावर' म्हणतात. साप चावला असे न म्हणता 'पान लागले' म्हणण्याची जुनी रीत याच जातीची. निषिद्ध शब्दाच्या जागी टोपणनाव आणण्याची ही प्रवृत्ती जगभर आहे, आणि तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अस्वलाचे. इंडो-युरोपीय भाषांच्या उत्तरेकडील शाखांनी अस्वलाचा मूळ शब्दच गमावला : रशियनमध्ये तो 'मध खाणारा' झाला, जर्मानिक भाषांत बहुधा 'तपकिरी'. मूळ शब्द ग्रीकात 'आर्क्तोस' आणि संस्कृतात 'ऋक्ष' या रूपाने टिकला. त्या ऋक्षाचा एक वंशज मराठीतील 'रीस', आणि प्राकृत 'अच्छ' या रूपाला 'भल्ल' जोडून झालेल्या 'अच्छभल्ला'पासून 'अस्वल' आला असे मानले जाते. नवेगावच्या टेकड्यांत अस्वले आजही आहेत, आणि मोहाच्या दिवसांत वाघापेक्षा त्यांचेच भय गावकऱ्यांना अधिक. तरीही आपल्या पूर्वजांनी त्यांचे खरे नाव घेणे सोडले नाही. यामागे धीटपणा होता की निष्काळजीपणा, हा निर्णय वाचकांनी करावा.

या परिसरातील नावांचा संग्रह करण्याचे मोठे काम वनाधिकारी मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी केले. नवेगावच्या वास्तव्यात तेथील मालगुजार घराण्यातील माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारखा जाणता सोबती त्यांना लाभला, आणि कोशातून न मिळणारे कितीतरी त्यांना रानात राहणाऱ्या माणसांकडून मिळाले. २००२ साली त्यांचा 'पक्षिकोश' प्रसिद्ध झाला. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. त्यांनी रूढ केलेल्या संज्ञांत दोन प्रकार स्पष्ट दिसतात. बगळ्यांच्या सामुदायिक विणीच्या जागेला 'सारंगागार', कावळ्यांच्या वसतीला 'काकागार' ही संस्कृत घडणीची नावे. आणि पक्ष्यांच्या रात्रीच्या मुक्कामाला 'रातनिवारा' हे साधे मराठी. यांतील तिसरा शब्द कोणत्याही स्पष्टीकरणावाचून कळतो आणि कवितेतही बसतो; पहिला दर वेळी समजावून सांगावा लागतो. परिभाषा घडविणाऱ्यांनी या तिहींची तुलना अवश्य करावी.

शेवटी सारसाचा विचार केला पाहिजे, कारण येथे नाव आणि प्राणी दोहोंचेही प्रश्न एकत्र येतात. 'सरस्' म्हणजे तळे. तळ्याचा तो सारस. तळ्यांच्या मुलखाला याहून अन्वर्थक पक्षी कोणता? पुरुषभर उंचीचा, तांबड्या मस्तकाचा हा पक्षी उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच. जोडपे आयुष्यभर एकत्र राहते असा लोकसमज आहे, आणि ती दोघे मान उंचावून सुरात सूर मिसळून ओरडतात ते दूरवर ऐकू जाते. धानाच्या बांधीत पावसाळ्यात ती घरटे करतात. शरदात वाढत्या पिलासह कापणीला आलेल्या शेतात हिंडताना दिसू शकतात. वाल्मीकीच्या शोकाला कारण झालेला 'क्रौंच' कोणता पक्षी, यावर पुष्कळ चर्चा झाली आहे. ज्युलिया लेस्ली यांनी १९९८ साली सर्व पुरावे तपासून तो सारसच असावा, असा निष्कर्ष काढला. नरमादीचे साहचर्य, तांबडे मस्तक आणि जोडीदाराच्या मृत्यूनंतरचा आक्रोश ही लक्षणे सारसालाच नीट जुळतात. हा निष्कर्ष मान्य केला तर रामायणाच्या आरंभीचा पक्षी महाराष्ट्रात आज मुख्यत्वे या एका जिल्ह्यात उरला आहे, असे म्हणावे लागते.

तोही सडक अर्जुनीच्या बाजूस क्वचित. त्याचे खरे ठाणे उत्तरेकडे, गोंदियाच्या आसपासचे तलाव आणि बालाघाटच्या सीमेवरून वाहणाऱ्या नदीचे खोरे हे आहे. या नदीला मराठीत 'वाघनदी' म्हणतात आणि पलीकडे हिंदीत 'बाघ'; व आणि ब यांची सीमारेषा तिच्या पात्रातून जाते. दर वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस सारसांची गणना होते आणि जिल्ह्यातील आकडा अलीकडे पन्नासाच्या आतच राहिला आहे. विजेच्या तारांचा धक्का, शेतातील विषारी फवारे, आणि गाळाने व अतिक्रमणाने आटत चाललेली तळी ही त्याची कारणे. १९५१ साली मालगुजारी संपल्यावर तलावांची मालकी सरकारकडे गेली, आणि पाळीची डागडुजी करणाऱ्या जुन्या व्यवस्थेच्या जागी तितकी दक्ष व्यवस्था सर्वत्र उभी राहिली नाही. जेथे तळे बुजले तेथे सारस राहत नाही, आणि एका पिढीनंतर त्या गावच्या मुलांना 'सारस' हा शब्द पुस्तकात भेटतो. गावातील वृद्धाला तो पक्षी कोणत्या बांधीत उतरत असे हे ठाऊक असते. शब्दसंग्राहकाने त्या बांधीचे नाव, तळ्याचे नाव आणि शेवटचे दर्शन कोणत्या वर्षी झाले ते त्याच्याकडून विचारून, नामाच्या नोंदीशेजारीच लिहून घ्यावे.